लाल कासवाची प्रत

४ जानेवारी

ही वही मीच शिवली आहे. कापून उरलेल्या कागदाची, पुठ्ठाही उरलेलाच. लिहायचं मात्र पेन्सिलीनं. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काढली, तिथे टेबलापाशी शाईचं पेन दिसलं तरी मालक अंगावर यायचा. एक थेंब सांडला की केलेलं काम बाद. ती सवय अजून सुटलेली नाही.

लिहायला निमित्त असं की आज वाचनालयाच्या ग्रंथपालबाई घरी आल्या होत्या. मार्चमध्ये तळमजल्यावरच्या बालविभागात माझ्या संग्रहाचं प्रदर्शन मांडायचं म्हणतात. संग्रह म्हणजे एकाच पुस्तकाच्या आवृत्त्या. ‘कासवाचं टपाल’. बत्तीस पानांचं, लहान मुलांचं. एक कासव पत्र घेऊन निघतं आणि वाटेत जो तो त्याला थांबवतो. दोन पिढ्या हे पुस्तक ऐकत झोपी गेल्या आहेत. साठ वर्षांत चौदा आवृत्त्या निघाल्या. माझ्याकडे तेरा आहेत. पाचवी नाही.

बाईंनी विचारलं, “काका, एवढी पुस्तकं जगात असताना हेच का?”

मी म्हटलं, चित्रं छान आहेत. सगळ्यांना हेच सांगतो.

त्या गेल्यावर तेराही पुस्तकं टेबलावर ओळीनं मांडली. चौथ्या आणि सहाव्याच्या मध्ये एक बोट जागा सोडली. खरं सांगायचं तर या तेरांशिवाय माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीही नाही. कारखाना बंद पडला, उजवा हात आता थरथरतो, सुईत दोरा ओवायला हिला हाक मारावी लागते. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं पुरी केली, स्वतःचा एक संच पुरा करता आला नाही. आज दिवसभर हेच डोक्यात.

९ जानेवारी

मफलर येऊन डोकं खाऊन गेला. निवृत्त डॉक्टर, जुनी पुस्तकं जमवतो, कडक उन्हातही गळ्यातला मफलर काढत नाही. माझ्या संग्रहावर त्याचा डोळा आहे आणि मी बाइंडर होतो हे तो दर भेटीत आठवण करून देतो.

“पाचवी आवृत्ती निघालीच नाही हो,” म्हणाला. “प्रकाशकानं आकडा गाळला. लाल कासव वगैरे सगळ्या तुम्हा कारखानेवाल्यांच्या थापा.”

थापा! माझ्या डोळ्यांदेखत छापली ती. हिरव्याच्या जागी लाल शाई लागली आणि पानोपानी कासव लालबुंद. प्रकाशकानं कपाळावर हात मारून घेतला, सगळा माल लगद्याला पाठवला आणि नव्यानं छापून सहावी म्हणून बाजारात आणली. लगद्याच्या ढिगातले दोन फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन मोठे कागद, मी उचलले. घडी घातली, शिवले, पुठ्ठा चढवला. अशी एक प्रत केली. थोरलीसाठी. त्या वर्षी ती अंथरुणातच असायची.

मफलर म्हणाला, “मग दाखवा की.”

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. थोरली साडेसहा वर्षांची होऊन गेली. चौतीस वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षांनी धाकटी. लोक विचारतात, मुलगी एकच आणि हाक धाकटी, हे कसं काय? आम्ही दोघंही विषय बदलतो. घरात तो विषय निघत नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं.

१० जानेवारी

हिला विचारलं, “अगं, मी ते लाल कासवाचं पुस्तक आणलं होतं, ते कुठे असेल?”

ही तेव्हा कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, “मला काय माहीत. जुनं किती काय काय टाकलं आपण.”

“टाकलं? तू?”

“असेल टाकलं. आता कशाला हवंय ते तुम्हाला?”

मी प्रदर्शनाचं सांगितलं. तिनं घडी केलेला टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. मग दूध आणायला गेली. दूध सकाळीच आणलं होतं. हिचा विसरभोळेपणा अलीकडे फारच वाढला आहे, धाकटीच्या कानावर घालायला हवं.

२१ जानेवारी

धाकटी ऑफिसच्या पायऱ्यांवर घसरली. घोट्याला प्लास्टर. जावई कामानिमित्त बाहेर, त्यामुळे ही आज सकाळच्या गाडीनं तिकडे गेली. महिनाभर तरी राहील. निघताना दारात थांबून म्हणाली, “माझ्या कपाटाला हात लावू नका. तुम्ही काही शोधायला घेतलं की सगळं घर पालथं करता.”

मी म्हटलं, तुझ्या कपाटात मला काय करायचंय?

घर फार शांत झालं आहे. ही असताना तरी आम्ही कुठे बोलतो म्हणा, पण ती असण्याचा एक आवाज असतो.

२७ जानेवारी

सापडलं.

कपाटाला हात लावला नाही, शब्द पाळला. कपाटावरची पत्र्याची ट्रंक काढली. वर स्वेटर, शाली, डांबराच्या गोळ्या. अगदी तळाशी एका फ्रॉकमध्ये गुंडाळलेलं. फ्रॉककडे मी नीट पाहिलं नाही. होता तसाच घडी करून परत ठेवला.

पुठ्ठा माझाच. कोपरे मी तेव्हा कसे दुमडायचो ते बघताक्षणी ओळखलं. आत पानोपानी लाल कासव. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. चौदा झाली. संच पुरा. फार वर्षांनी आज मला कशाचा तरी आनंद झाला, आणि सांगायला घरात कुणी नाही.

म्हणजे हिनं टाकलं नव्हतं. ठेवून स्वतःच विसरली. परत आली की चकित करीन.

२८ जानेवारी

कामाला लागण्याआधी पुस्तकाची तब्येत लिहून ठेवायची असते, ती इथेच लिहितो.

शिवण ढिली. पुठ्ठ्याचा खालचा कोपरा उसवलेला. पान ८ वर गुलाबी, चिकट डाग, सरबताचा असावा. शिवणीत एक लांब बारीक केस. आणि समासात पेन्सिलीच्या आडव्या रेघा, अर्ध्या नखाएवढ्या, अगदी हलक्या. मोजल्या. पान ३: नऊ. पान ५: सात. पान ८: अकरा. पान ११: सहा. पान १४: आठ. पान १९: तीन. पान २६: दोन. पान ३२: एक. एकूण सत्तेचाळीस.

या रेघा कारखान्यातल्याच. बाद कागदांवर गठ्ठे मोजताना रेघा मारायची आमच्याकडे पद्धतच होती. पण मोजणारा पक्का कामचोर दिसतो! सुरुवातीच्या पानांवर सगळी गर्दी, मागे मागे दम संपलेला, आणि शेवटच्या पानापर्यंत गडी एकदाच पोचला. मालकानं कसा काय ठेवला होता याला कोण जाणे. एकट्यालाच हसू आलं.

७ फेब्रुवारी

आठ दिवस सकाळचा उजेड असेपर्यंत हेच काम. रबर किसणीवर किसून त्याचा भुगा करायचा, पानावर भुरभुरायचा आणि बोटाच्या टोकानं गोल गोल फिरवायचा. घासायचं नाही. भुगा काळा झाला की मऊ ब्रशनं झटकायचा, नवा घ्यायचा. एकेका रेघेला पाव तास. कागदाला कळूसुद्धा नये की त्याच्यावर काही होतं. थरथरणारा हात या कामात मात्र थरथरत नाही, याचं मलाच नवल वाटलं.

डाग ओलसर कापसानं टिपून टिपून काढला. केस चिमट्यानं काढून टाकला. शिवण नवी घातली.

रेघा मारणाऱ्याचा हात फार हलका होता, त्यामुळे माझं काम सोपं झालं. भिंग लावून पाहिलं. कुठे खूण नाही. कारखान्यातल्या जुन्या लोकांपैकी आज कुणी असतं तर पाठ थोपटली असती.

१५ फेब्रुवारी

पुस्तकाखाली ठेवायची चिठ्ठी लिहिली. ‘पाचवी आवृत्ती. लाल कासव. ज्ञात असलेली एकमेव प्रत.’ खाली एक ओळ घालावी असं मनात आलं, की कुणासाठी केली होती. चार वेळा लिहायला घेतली. नाव लिहिताना पहिल्या अक्षराच्या पुढे हात जात नाही. शेवटी सोडून दिली. पण पुस्तक लोकांसमोर येईल, दिव्याखाली, काचेत. माझ्या परीनं मी तिच्यासाठी एवढं करतोय, असं मनाला सांगितलं.

दुपारी हिचा फोन आला. धाकटीचा घोटा बरा आहे. ही म्हणाली, “जेवता ना नीट?” मी म्हटलं, तुझ्यासाठी एक गंमत आहे. म्हणाली, “आता या वयात कसली गंमत.”

२४ फेब्रुवारी

ही आली. बरोबर धाकटी, कुबडी घेऊन, प्रदर्शनाला थांबणार आहे. पुस्तकं मी आधीच वाचनालयात नेऊन ठेवली होती, त्यामुळे बिंग फुटायची भीती नव्हती. ट्रंकही जागच्या जागी. मी किती दिवसांनी शिट्टी वाजवतोय, असं धाकटी म्हणाली.

२ मार्च

प्रदर्शन झालं. माणसं बरी होती. मफलर काचेला नाक लावून उभा राहिला आणि चिठ्ठी दोनदा वाचून त्यानं गळ्यातला मफलर काढून हातात घेतला. एवढ्याचसाठी मी जगलो की काय, असं क्षणभर वाटलं. लगेच लाजही वाटली.

मग ही आली. एकेक पुस्तक बघत पाचव्यापाशी थांबली. बराच वेळ. धाकटीनं विचारलं, “आई, बसतेस का जरा?” तिनं मान हलवली आणि ग्रंथपालबाईंना म्हणाली, “हे बाहेर काढून देता?”

बाईंनी काच सरकवली. हिनं पुस्तक हातात घेतलं, तिसरं पान उघडलं. मग पाचवं. मग आठवं. समासावरून अंगठा फिरवला. भराभर शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यापासून आली. चष्मा काढून पदरानं नाही, तसाच बोटांनी पुसला आणि पुन्हा पाहिलं.

मी म्हटलं, “मी साफ केलं. ओळखू येतं तरी का? नव्यासारखं झालंय.”

“हो,” म्हणाली. “नव्यासारखं झालंय.”

पुस्तक तिनं बाईंच्या हातात दिलं आणि कुणासाठी न थांबता एकटीच घरी गेली. गर्दीत तिला गुदमरतं. पण खूश झाली असावी. नाहीतर इतक्या बारकाईनं कोण पाहतं?

४ मार्च

ही माझ्याशी बोलत नाही. आम्ही एरवीही फार बोलतो असं नाही, पण हे वेगळं आहे. चहा ठेवते, कप माझ्यासमोर ठेवते, आणि माझ्याकडे न बघता जाते. काल ट्रंक खाली काढून तळाशी हात घालून बसली होती. न विचारता उघडली म्हणून राग आला असणार. मी म्हटलं, चूक झाली बाई, विचारायला हवं होतं. तिनं नुसतं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

५ मार्च

धाकटीनं सांगितलं. सकाळी गॅलरीत मला खुर्चीवर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

“बाबा, त्या रेघा तुम्ही पुसल्यात?”

मी अभिमानानं सांगायला लागलो, किसलेल्या रबराचं वगैरे. तिनं मला मध्येच थांबवलं.

“आईनं मारलेल्या होत्या त्या. ताईला रोज संध्याकाळी वाचून दाखवायची ना, तेव्हा. वाचता वाचता ताईला जिथे झोप लागायची, त्या ओळीशी आई एक रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे वाचायचं म्हणून. पण ताई ऐकायचीच नाही. पहिल्यापासून वाच म्हणायची. मग रोज पहिल्यापासून, आणि रोज नवी रेघ.”

मी विचारलं, “तुला कसं माहीत?”

“मी दहावीत असताना एकदा ट्रंक उघडली होती. आईनं मला एकेक रेघ दाखवली होती. बाबांना सांगू नकोस म्हणाली. त्यांना सोसणार नाही.”

मला सोसणार नाही म्हणून.

सुरुवातीच्या पानांवर गर्दी का होती ते मला आता कळतं. शेवटी शेवटी तिसऱ्या पानावरच तिचा डोळा लागत होता.

६ मार्च

काल पुढे लिहिता आलं नाही.

हिच्यासमोर जाऊन बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, “मला वाटलं कारखान्यातल्या मोजणीच्या रेघा आहेत.”

“हो. तुम्हाला कारखानाच आठवणार.” आवाज चढवला नाही तिनं. “चौतीस वर्षांत त्या पुस्तकाच्या तेरा प्रती घरात आणल्यात. एकदा तरी वाचलंत का हो ते?”

वाचलेलं नाही. घडी कशी आहे, दोरा कसला आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गोष्ट मला लोकांनी सांगितली तेवढीच माहीत आहे.

“शेवटच्या पानावरची रेघही पुसलीत?”

“हो.”

“सत्तेचाळीस संध्याकाळी वाचलं मी. एकदाच ती शेवटपर्यंत जागी राहिली. एकदाच. कासव पोचतं, पत्र उघडतात, त्यात लिहिलेलं असतं, हे पत्र घेऊन येणारा फार दमलेला असेल, त्याला आधी बसू द्या. इतकी हसली, इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. औषध पाजताना निम्मं पुस्तकावर सांडलं. आठवं पान उघडं होतं. तिला ते पुन्हा बघायचं होतं, त्यात कासव चिखलात बसतं म्हणून.”

गुलाबी डाग. सरबताचा असावा, असं मी लिहिलं आहे.

“मग म्हणाली, बाबा आले की त्यांनाही आधी बसू दे हं. आणि झोपली.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही आलात ते जेवून थेट झोपलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही उठायच्या आत तिला ताप चढला. मग केव्हा सांगणार होते? आणि नंतर तुम्ही तिचं नावच घेतलं नाहीत.”

त्या वर्षी मला दुसरी पाळी होती. घरी पोचेपर्यंत पोर झोपलेली असायची. सगळ्यांना, हिलासुद्धा, मी सांगितलं की मालकानं जबरदस्तीनं दिली. कुणी दिली नव्हती. मी मागून घेतली होती. संध्याकाळी तिचा खोकला सुरू व्हायचा, तो मला ऐकवत नव्हता.

हे मी आज पहिल्यांदा कुठे लिहितो आहे.

९ मार्च

पुस्तक वाचनालयातून परत आणलं. बाई नको म्हणत होत्या, प्रदर्शन महिनाभर आहे. मी ऐकलं नाही.

सकाळी ऊन खिडकीतून तिरपं येतं तेव्हा पान उजेडात आडवं धरलं की पेन्सिलीचा दाब दिसतो. कागदाला वळ पडलेला असतो. भिंग घेऊन एकेक पान पाहिलं. काही नाही. पोर जागी होऊ नये म्हणून तिनं पेन्सिल टेकवायची तेवढी टेकवली होती. आणि जे काही उरलं असेल ते मी बोटानं गोल गोल फिरवून सपाट केलं. अनाडी माणसानं पुसलं असतं तर काहीतरी राहिलं असतं. मी पुसलं म्हणून काहीच राहिलं नाही.

कचऱ्याचा डबाही पाहिला. महिना उलटून गेला, केस कुठून सापडणार?

११ मार्च

आज फार वाईट काम करत होतो. जुनी मऊ पेन्सिल घेतली आणि पान ३२ उघडलं. रेघ एकच आहे, ती शेवटच्या ओळीपाशीच असणार, मग माझ्या हातानं मारली तर काय बिघडलं, असं मनाशी म्हटलं. पेन्सिल टेकवली आणि हात थरथरायला लागला. ज्या हातानं आठ दिवस न थरथरता पुसलं, त्याला अर्ध्या नखाची रेघ मारता येईना.

ही मागे उभी होती. केव्हा आली कळलं नाही.

“नका,” म्हणाली. “तुम्ही नव्हता तिथे.”

पेन्सिल खाली ठेवली. तिच्या म्हणण्यात चूक काही नाही.

१४ मार्च

धाकटी आज परत गेली. आईलाही बरोबर चल म्हणत होती, कायमची. ही म्हणाली, बघू. नको म्हणाली नाही. बॅग भरलेली नाही, पण ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढून ठेवले आहेत. तिचेच, माझे नाहीत.

मी पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. “तुझं आहे. ट्रंकेत ठेव परत.”

“ते नाही हे,” म्हणाली. “ते गेलं. हे तुमच्या संग्रहातलं आहे, तिकडेच ठेवा.”

मग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत: “मला आता सगळ्या आठवत नाहीत हो. डोळे मिटून एकेक पान समोर आणते. आठव्या पानावर किती होत्या, दहा की बारा? तेच बघायला अधूनमधून ट्रंक काढायची मी. आता कुणाला विचारू?”

माझ्या तोंडावर आलं होतं, अकरा. पण बोललो नाही. कुठून कळलं ते सांगावं लागलं असतं.

१५ मार्च

दुपारी ही झोपली असताना ‘कासवाचं टपाल’ पहिल्यांदा वाचलं. मोठ्यानं वाचलं, ते तसंच वाचायचं असतं. कोल्हा थांबवतो, मुंग्या थांबवतात, पाऊस थांबवतो. प्रत्येकाला कासव म्हणतं, थांबतो, पण थोडाच. चौदाव्या पानापर्यंत पोचलो. पुस्तक मिटलं.

मलाही शेवटापर्यंत जाता आलं नाही.

१७ मार्च

तीन दिवस एकाच गोष्टीचा विचार करतोय.

रेघा गेल्या. कुठल्या ओळीशी होत्या ते जगात कुणालाच सांगता येणार नाही. पण कुठल्या पानावर किती होत्या, ते एका ठिकाणी लिहिलेलं आहे. पुसण्याच्या आदल्या दिवशी मोजून, माझ्याच हातानं, या वहीत. तिला द्यायला माझ्याकडे एवढंच आहे.

आधी वाटलं, आकडे वेगळ्या कागदावर उतरवून द्यावेत. उतरवलेही. स्वच्छ अक्षरात, पान ३: नऊ, पान ५: सात. तो कागद बघितला आणि माझा मलाच परका वाटला. काल लिहिलेला कागद. तिच्या समाधानासाठी मी काहीतरी रचलं असं म्हणायला तिला पूर्ण मोकळीक आहे. तिच्या रेघा डोळ्यांसमोर असताना लिहिलेलं पान एकच आहे.

आणि त्याच पानावर आकड्यांच्या खाली तो मजकूर आहे. कामचोर. दम संपलेला. गडी एकदाच पोचला. एकट्यालाच हसू आलं.

पेन्सिलीचं लिखाण. रबर समोरच होतं. चार ओळी, अर्ध्या तासाचं काम, आणि माझ्यासारखं पुसणारा दुसरा कुणी नाही. किसणी आणली. रबर किसलं. भुगा पानावर भुरभुरला. बोट टेकवलं.

मग पान तिरकं केलं आणि भुगा फुंकून टाकला.

ती सगळं वाचेल. दुसरी पाळी मी मागून घेतली होती, तेही वाचेल. त्यानंतर धाकटीकडे जायचं की इथे राहायचं ते ती ठरवेल, आणि मी विचारणार नाही. स्वतःचं नाव लिहितात त्या, वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी आत्ता थोरलीचं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं. वेळ लागला, अक्षर वेडंवाकडं आलं.

ही उठली आहे. आत कपांचा आवाज येतोय. वही तिच्या हातात देतो. अठ्ठावीस जानेवारीच्या पानात दोरा घालून ठेवला आहे, म्हणजे शोधावं लागणार नाही.